साखर जास्त आहे, कोण म्हणतं?

आमच्या गल्लीत एखादी गोष्ट खरी आहे की नाही हे ठरवायची पद्धत फार सोपी आहे. तीन-चार मोठ्या माणसांनी चहा पिता पिता ती एकाच वेळी बोलून सांगितली की ती खरी. "कशावरून?" असं कोणी विचारत नाही, कारण विचारू शकेल असा माणूस त्या तीन-चारांपैकीच कोणाचा तरी पुतण्या असतो. सोळा वर्षं मी याच पद्धतीवर वाढले आणि माझं काहीही वाईट झालं नाही. मग अकरावीत आम्हाला फान मॅडम आल्या.

फान मॅडम आम्हाला प्रबंध लिहायला शिकवतात. त्या ओरडत नाहीत, रागावत नाहीत, पट्टी आपटत नाहीत. त्यांच्याकडे एक लाल पेन आहे आणि दोन शब्द आहेत. तुम्ही जीव ओतून वाक्य लिहावं, आणि त्यांनी समासात लहानशा, सुबक अक्षरात लिहावं : "कोण म्हणतं?"

माझ्या प्रबंधाचा विषय होता, 'आमच्या गल्लीतलं जेवण गोड का असतं?' विषय उत्तम होता, हे मी स्वतः सांगते. तैवानच्या ताइनान शहरात राहणाऱ्या मुलीने दुसऱ्या कशावर लिहायचं? पहिलं वाक्य मी असं टाकलं होतं : 'ताइनानचं जेवण गोड असतं, हे सर्वांना माहीत आहे.' मॅडमनी 'गोड' या शब्दाखाली रेघ ओढून लिहिलं, "कोण म्हणतं?" आणि 'सर्वांना' या शब्दाभोवती गोल करून लिहिलं, "यांचं आडनाव?"

माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिने विषय बदलला असता. गेल्या वर्षीची मी असते तर मीही बदलला असता. पण गेल्या वर्षीची मी आणि या वर्षीची मी यांच्यात फार फरक आहे. गेल्या वर्षी माझा प्रबंध आंतरशालेय स्पर्धेला गेला होता आणि न वाचता परत आला होता. न वाचता, हे पुन्हा एकदा लिहिते, म्हणजे दुःख नीट पोचेल. संदर्भांची मांडणी चुकलेली असली की स्पर्धेचे लोक पुढचं पानच उलटत नाहीत. मी महिनाभर मान खाली घालून फिरले. मग सुट्टीत मी केस कापले, वादविवाद मंडळात नाव घातलं, आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात भर वर्गात उभी राहून सांगून टाकलं की यंदा वर्गातर्फे माझाच प्रबंध जाणार आणि तो परत येणार नाही. वर्ग हसला. परत खाली बसण्याची सोय मात्र मी ठेवली नव्हती.

वर्गातर्फे एकच प्रबंध जातो. दुसरा दावेदार होता ची शाओ-तुंग, जो माझ्या पुढच्या बाकावर बसतो. याचे स्वल्पविरामसुद्धा इस्त्री केलेले असतात. आमच्या लिपीचे कंस रुंद असतात आणि परदेशी नावांना अरुंद कंस लावायचे असतात. हा फरक उघड्या डोळ्यांनी ओळखणारा मनुष्य मी आजवर एकच पाहिला, तो हा. त्याचा विषय होता 'पावसाळी गटारांची रचना'. मॅडम त्याच्या समासात काहीच लिहीत नसत.

शुक्रवारी शेवटच्या घंटेपर्यंत प्रबंध द्यायचा होता. म्हणून मी वही घेऊन गल्लीत निघाले, कोण म्हणतं ते बघायला.

पहिल्यांदा गेले ती सू काकांकडे. सू काका आमच्या माझू देवीच्या देवळाचे अध्यक्ष. गल्लीत दिवा बंद पडला तरी लोक आधी त्यांना सांगतात आणि मग नगरपालिकेला. त्यांनी मला बसवलं, चहा ओतला, घसा साफ केला. मी विचारलं, "काका, आपल्याकडचं जेवण गोड का असतं?"

"गोड कुठे असतं?" काका म्हणाले.

मी म्हटलं, सगळेच म्हणतात. काका म्हणाले, सगळे म्हणजे तैपेईकडचे. त्यांच्या जिभा ऑफिसात बसून वाळल्यात. आपलं जेवण नीट असतं. नीट या शब्दावर त्यांनी टेबलावर बोट आपटलं. मग मात्र ते सैल झाले आणि वडिलांबद्दल बोलायला लागले. वडील साखर कारखान्यात कामाला होते. सकाळी डब्यात भात घेऊन जायचे आणि संध्याकाळी रिकामा डबा आणायचे. पण त्या डब्याच्या झाकणाला आतून कारखान्यातल्या काकवीचा गुळमट थर लागलेला असायचा, आणि ही पाच भावंडं दारातच झाकणासाठी मारामारी करायची. "मी धाकटा," काका म्हणाले. "माझ्या वाटेला कडा यायची. पण कडेलाच जास्त साचायचं, हे त्या बाकीच्या गाढवांना कधी कळलं नाही."

मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. माझ्या प्रबंधाचा दुसरा भाग अख्खा त्या झाकणावर उभा राहिला.

मग गेले तिंग मावशीकडे. मावशी गल्लीच्या तोंडाशी गाडी लावते आणि मोठ्या आचेवर वाम माशाच्या नूडल्स परतते. ती मूळची उत्तरेकडची, कीलुंग बंदराची. इथं येऊन तिला तीन वर्षं झाली. आमच्या गल्लीच्या हिशेबात तीन वर्षं म्हणजे अजून सामान उतरवणं चालू आहे. मावशीला मी तोच प्रश्न विचारला. ती कढईवरून मान न उचलता म्हणाली, "पहिल्या दिवशी इथलं सूप प्यायले, वाटलं कुणाकडून चुकून साखर सांडली. दुसऱ्या दिवशी वाटलं मुद्दाम सांडतात. तिसऱ्या दिवशी लोक माझ्या नूडल्स खाऊन म्हणाले, बाई, तुझ्याकडे साखर संपली का?"

हे वाक्य ऐकून मला इतका आनंद झाला की मी गाडीपाशी एक उडीच मारली. हाच माझा पहिला परिच्छेद. कारण विचार करा, तोवर मी अर्ध्या गल्लीला विचारलं होतं आणि जेवण गोड असतं असं म्हणायला इथला एकही माणूस तयार नव्हता. सगळे सू काकांसारखंच म्हणत होते की जेवण नीट असतं. गोड लागतं ते फक्त मावशीला.

रविवारी मी संदर्भसूची बनवली. नियमाप्रमाणे सूची आडनावांच्या रेघांवरून लावायची असते. ज्याच्या आडनावाच्या अक्षरात रेघा कमी तो वर, जास्त तो खाली. तिंग या अक्षराला दोन रेघा. सू या अक्षराला वीस की बावीस, ते मोजणाऱ्याच्या धीरावर आहे. मध्ये बाकीची गल्ली. मी ते पान बाबांकडे छापायला दिलं.

इथं बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बाबांचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि कागद वाचवणं हा त्यांचा धर्म आहे. आधी त्यांनी मला न विचारता समास कमी करून माझा दहा पानांचा प्रबंध सात पानांत बसवला, आणि मी जवळजवळ रडल्यावर परत दहा पानांत पसरला. आणि मग, मुलीचं कौतुक म्हणून, संदर्भसूचीची एक प्रत मोठी करून दुकानाच्या काचेवर आतून चिकटवली. साधा पांढरा कागद संपला होता म्हणून लाल कागदावर.

ज्यांनी आमचं देऊळ पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. देवळात दुरुस्ती निघाली, उत्सव झाला, नवा नगारा आला की देणगीदारांची नावं लाल कागदावर लिहून भिंतीला लावतात. ज्याने जास्त दिलं तो वर. आमच्या गल्लीत लाल कागदावरची नावांची यादी वाचायची दुसरी कुठलीही रीत नाही. लहान मुलालासुद्धा वाचायला येण्याच्या आधी हे कळतं.

सोमवारी सकाळपर्यंत सगळ्या गल्लीला समजलं होतं की कुठल्याशा मोठ्या कामात तिंग मावशी पहिल्या आल्यात आणि सू काका शेवटचे.

दुपारी न्हाव्याची बायको आली. तिचं नाव यादीत नव्हतं. तिने स्टुलावर बसून मला सांगितलं की साखर तब्येतीला चांगली असते, हे लिहून घे, आणि मी हे म्हटलं असं लिही, आणि मधोमध कुठेतरी घाल, आम्हाला वर यायची हौस नाही. तिच्या मागून फळवाले आजोबा आले. त्यांना स्वतःला काही सांगायचं नव्हतं, पण काओश्युंगला शिकणाऱ्या नातवाचं नाव घालता येईल का, त्याची परीक्षा जवळ आली आहे. मी म्हटलं, आजोबा, त्याने साखरेबद्दल काही म्हटलंय का? आजोबा म्हणाले, म्हणेल की, फोन लावू का? आईच्या फ्रिजमध्ये दोन दिवसांत पपया, शेंगदाण्याच्या वड्या आणि गोड सॉसेज यांची दाटी झाली. सगळं गोडच होतं. पण हा पुरावा प्रबंधात कसा घालायचा हे मला कळेना. आई म्हणाली, पुरावा सडायच्या आत खाऊन टाका.

आणि संध्याकाळी सू काका आले. ते दुकानात आले नाहीत. काचेसमोर उभे राहिले, हात मागे बांधून, देवळात नव्या खांबाची पाहणी करतात तसे. मीच बाहेर गेले.

"आ-यू," ते म्हणाले, वेन-यूचं गल्लीत एवढंच उरतं, "मी तुला चहा पाजला होता ना?"

मी म्हटलं, हो काका.

"कमी पडला का?"

मी त्यांना रेघांचं सगळं समजावलं. बोटांनी हवेत लिहून दाखवलं. तिंग, दोन रेघा. सू, वीस-बावीस. काका शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "आमच्या पूर्वजांनी कष्ट करून एवढं मोठं आडनाव घेतलं, ते मला तळाला बसवायला. आणि ज्यांनी दोन फटकाऱ्यांत काम उरकलं ते वर."

मी म्हटलं, काका, हे सगळ्या देशात असंच असतं. काका म्हणाले, देशाचं मला सांगू नकोस, काच तुझ्या बापाची आहे. आणि मग, अजिबात आवाज न चढवता, ते म्हणाले, "माझ्या वडिलांचं झाकण मला परत दे."

झाकण गेलं तर दुसरा भाग गेला. दुसरा भाग गेला तर उरली प्रस्तावना आणि समारोप, म्हणजे दोन कुलपं आणि मध्ये घरच नाही. मी बाबांकडे बघितलं. बाबांना आपण काय केलंय हे आता कळलं होतं, आणि अशा वेळी ते करतात ते त्यांनी केलं : घाईघाईत आणखी मोठी चूक. ते दारातून म्हणाले, "अध्यक्षसाहेब, देवीला कौल लावू या का? ती म्हणेल तो क्रम."

मला वाटलं होतं काका नाही म्हणतील. पण आमच्याकडे दर वर्षीच्या उत्सवाचा यजमान असाच ठरतो. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे देवीसमोर टाकायचे. एक पालथा आणि एक उताणा पडला की देवीचा होकार. ज्याला ओळीने जास्त होकार मिळतील तो यजमान. काका स्वतः तीनदा यजमान झालेले. त्यांना देवीच्या निवडीवर भरवसा होता.

मंगळवारी शाळेतून आले तर देवळात अर्धी गल्ली जमली होती. मी वही घेऊन खांबापाशी उभी राहिले. माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग आहे जेव्हा संदर्भसूची लावताना उदबत्ती लावावी लागली. न्हाव्याच्या बायकोला दोन होकार मिळाले आणि तिने मला वहीत बघून खात्री करून घ्यायला लावली. फळवाले आजोबा नातवाच्या वतीने टाकायला आले होते, त्यांना समजावून बाजूला केलं.

मग सू काका पुढे झाले. कपाळाला ठोकळे लावले, पुटपुटले, टाकले. दोन्ही ठोकळे उताणे पडले. उताणे पडले म्हणजे देवी हसली. होकार नाही, नकार नाही, नुसती हसली. देवळात प्रत्येकाला एकदम खोकला आला.

तिंग मावशी यायलाच तयार नव्हती. तिला न्हाव्याच्या बायकोने ओढून आणलं होतं, कढईचा हात अजून पुसलेलासुद्धा नव्हता. तिने न बघता टाकले. होकार. पुन्हा टाकले. होकार. पुन्हा. मावशीचा चेहरा दर होकाराला आणखी उतरत होता. शेवटी तिने ठोकळे मुद्दाम वाकडे, एका खांबाकडे फेकले, ते खांबाला लागून परत आले आणि व्यवस्थित एक पालथा, एक उताणा होऊन पडले.

सू काका देवीला नमस्कार करून निघून गेले. दारातून म्हणाले, "तीही रेघा मोजते वाटतं."

रात्रीचं जेवण झाल्यावर मावशी आमच्या घरी आली आणि जिन्यावरच उभी राहिली. माझं नाव काढ, म्हणाली. मी म्हटलं, मावशी, देवीने सांगितलंय. ती म्हणाली, "देवीला इथं गाडी लावायची नाहीये. मला लावायची आहे. तीन वर्षांत आत्ता कुठे लोक माझ्याकडे उभे राहून बोलायला लागलेत. माझं वाक्य मला परत दे, पोरी."

म्हणजे पहिला परिच्छेदही गेला. माझ्यापाशी आता होती वाचनालयातली तीन पुस्तकं, न्हाव्याची बायको आणि शुक्रवार.

बुधवारी मी जे होतं ते घेऊन फान मॅडमकडे गेले. पुढच्या बाकावरचा ची आपल्या गटारांची सूची पट्टीने मापत होता. मॅडमनी माझं शेवटचं पान बघितलं, चष्मा वर केला, परत बघितलं.

"हा क्रम कुठला?"

मी म्हटलं, "देवीचा, मॅडम."

फान मॅडमच्या तोंडून ते दोन शब्द येणार म्हणून मी डोळे मिटले. पण ते ओठांवर येता येता थांबले आणि मॅडम म्हणाल्या, सगळं पहिल्यापासून सांग. मी सगळं सांगितलं. लाल कागद, झाकण, ठोकळे, फ्रिज. मॅडमनी दोनदा खिडकीबाहेर बघितलं आणि एकदा टेबलाच्या खणात काहीतरी शोधायचं नाटक केलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मग त्या म्हणाल्या, "वेन-यू, तोंडी मुलाखती सूचीत येतच नाहीत."

मी म्हटलं, काय?

"सूची कशासाठी असते? वाचणाऱ्याला जाऊन तेच वाचता यावं म्हणून. पुस्तक तो शोधेल. मुलाखत कुठे शोधेल?"

मी म्हटलं, मॅडम, तिंग मावशी रोज चारला गाडी लावते. मॅडम म्हणाल्या, सापडेल, पण तेच वाक्य पुन्हा बोलेल का? माणसाच्या तोंडचं फक्त मजकुरात द्यायचं. जिथं त्याचं म्हणणं येईल तिथं, कंसात, नाव आणि तारीख. आणि माणसाची परवानगी असेल तरच. हे त्यांनी म्हणे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं. मला आठवलं. तो आठवडा मी भाषणं करण्यात घालवला होता.

मी पळत घरी आले. एका अर्थाने संकट टळलं होतं. यादीच नाही तर वर कोण आणि खाली कोण? बाबांनी काचेवरचा लाल कागद इतक्या तत्परतेने काढला की काचेचा रंगही थोडा निघाला. मी थेट सू काकांकडे गेले आणि सांगितलं की सूचीत कोणीच नाही.

"कोणीच नाही?" काकांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"तीही नाही?"

"तीही नाही, काका."

काकांनी चहा ओतला. पहिल्यांदा वाटलं प्रश्न सुटला. त्यांनी झाकण परत घ्यायला परवानगी दिली, वर कडेचा किस्सा दुसऱ्यांदा सांगितला. मग पेला खाली ठेवून म्हणाले, "आणि मजकुरात पहिलं नाव कोणाचं येतं?"

माझ्यातली या वर्षीची मुलगी म्हणाली, खरं सांग. गेल्या वर्षीची म्हणाली, पळ. मी खरं सांगितलं. पहिलं वाक्य असं असायला हवं की इथलं जेवण गोड असतं. त्याला कंस हवा. कंसात असं म्हणणारा माणूस हवा. आणि असं म्हणणारं गल्लीत एकच माणूस आहे, तेही आता नाही म्हणतंय. "पण काका," मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात तर तुमचं नाव पहिलं येईल. नुसतं एकदा म्हणा, जेवण गोड असतं."

काकांनी तोंड उघडलं. मी पेन उघडलं. काकांच्या ओठांचा आकार त्या अक्षराला जुळलासुद्धा. पण आतून काही येईना. सत्तर वर्षं ज्या माणसाने जेवणाला नीट म्हटलं त्याच्याकडून हे होत नव्हतं, आणि मला खरोखर वाईट वाटलं. ते म्हणाले, "खोटं कसं बोलू, पोरी? देवळाचा अध्यक्ष आहे मी."

गुरुवारी चार वाजता मी मावशीच्या गाडीपाशी उभी होते. एकदा शेवटची विनवणी करायची आणि नाहीतर ची शाओ-तुंगच्या गटारांना शुभेच्छा द्यायच्या, असं ठरवून आले होते. मावशी मान हलवत होती, नाही म्हणजे नाही. तेवढ्यात मागून सू काका आले. फिरायला निघाल्यासारखे आले, पण ते कधी फिरायला जात नाहीत हे गल्लीला माहीत आहे. तीन वर्षांत त्यांनी मावशीच्या गाडीवर एक घास खाल्ला नव्हता. उत्तरेकडच्या हातचं नको, असं त्यांचं तत्त्व होतं.

"ही पोर म्हणते," काका हवेला उद्देशून म्हणाले, "की तुम्हाला इथलं गोड लागतं."

मावशीने झारा खाली ठेवला. मला वाटलं आता ती गाडी ढकलत कीलुंगला जाणार. पण तीन दिवस घाबरून घाबरून बहुतेक तिची भीती संपली होती.

"बसा," ती म्हणाली. "खा, आणि मग मला सांगा."

काका स्टुलावर बसले. कढईखाली जाळ भडकला, वाम पडला, कांदा पडला, व्हिनेगरची वाफ माझ्या डोळ्यांत गेली. मी बघत होते, मावशीने साखरेचा डाव भरून टाकला. क्षणभर थांबली, आणि तोंड कसंनुसं करून आणखी अर्धा टाकला. तिच्या दृष्टीने या आता नूडल्स नव्हत्या, मिठाई होती. बशी काकांसमोर आली. तोवर न्हाव्याची बायको कात्री हातात घेऊनच बाहेर आली होती आणि तिच्यामागून गळ्याला फडकं बांधलेलं, अर्धे केस कापलेलं एक गिऱ्हाईक.

काकांनी एक घास घेतला. चावला. दुसरा घेतला. चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. देवळाच्या सभेत ठराव मांडतात तसे सरळ बसले.

"वाम उत्तम आहे," ते म्हणाले. "आच उत्तम आहे. पण बाई, यात साखर कमी आहे."

मावशी हसायला लागली. झाऱ्याला धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. न्हाव्याची बायको हसली. अर्धा कापलेला मनुष्य हसला. काकांना काय झालं ते कळेना, पण बशी मात्र त्यांनी पुढे केली, आणखी साखर घालायला.

आणि मी रस्त्यातच खाली बसून लिहायला लागले होते. कारण मला पहिलं वाक्य सापडलं होतं. मी हात वर करून विचारलं, "काका, हे वाक्य मी घेऊ? मावशी, तुझं परत घेऊ?"

काका तोंडात घास असल्यामुळे हातानेच म्हणाले, घे. मावशी डोळे पुसत म्हणाली, "घे बाई. पण आधी त्यांचं. माझं त्यांच्याखाली घाल, मला बरं वाटेल."

शुक्रवारी शेवटच्या घंटेआधी फान मॅडमनी माझा प्रबंध वाचला. ची शाओ-तुंगने मागे वळून, न विचारता, माझा एक अरुंद कंस रुंद करून दिला होता. शत्रूचं असं वागणं मला अजून नीट पचलेलं नाही. माझं पहिलं वाक्य असं होतं : दीड डाव साखर घातलेल्या नूडल्सबद्दल गल्लीतले एक जुने रहिवासी म्हणतात की 'यात साखर कमी आहे', आणि पुढे कंसात सू काका, मुलाखत, गुरुवारची तारीख. दुसरं वाक्य : त्याच नूडल्स बनवणाऱ्या, उत्तरेकडून आलेल्या बाईंना त्या मिठाई वाटतात, आणि कंसात तिंग मावशी, तीच तारीख. मॅडमचं लाल पेन पानावर वरपासून खालपर्यंत फिरलं आणि कुठेच टेकलं नाही. मग त्यांनी चीच्या प्रबंधाकडे बघून त्याला विचारलं की प्रत्येक वाक्याला कंस आहे, उत्तम, पण यातलं तू काय म्हणतोस? तो नुसता नवीन वही काढून विचार करायला लागला. पुढच्या वर्षी तो मला जड जाणार आहे.

माझा प्रबंध गेला. परत आला नाही. निकाल महिन्याभराने लागेल, पण तो आता वाचला जातोय, म्हणजे कुठल्यातरी खोलीत कोणीतरी मनुष्य या क्षणी डब्याच्या झाकणाची कडा चाटतोय, आणि त्याला ते कोणी सांगितलं हे माहीत आहे.

बाबांनी पहिलं पान काचेवर लावलंय. मी बजावून सांगितल्यामुळे पांढऱ्या कागदावर. सू काका रोज संध्याकाळी देवळातून मावशीच्या गाडीकडे जाताना तिथं थांबतात. परवा फळवाल्या आजोबांचा नातू सुट्टीला आला होता, त्याने काचेवर नाक टेकवून वाचलं आणि हसून म्हणाला, "यात साखर कमी आहे? असं कोण म्हणतं?"

काकांनी कंसावर बोट ठेवलं.